कागदावर नसलेलं तेल

आमच्या डेपोत चिंधीलासुद्धा हुद्दा होता. खोटं वाटेल. पण मी त्या डेपोत वीस वर्षं पिंपं ढकलली आहेत, आणि चौथीच्या पुढं शाळा बघितली नसली तरी जे डोळ्यांनी बघितलं ते मला कुणी शिकवायची गरज नाही.

नवं फडकं गठ्ठ्यातून निघालं की ते कॅप्टन. त्यानं फक्त ट्रकची काच पुसायची. काचेवर मळलं की खाली उतरून सुभेदार, मग त्याला सीट आणि दरवाजे. त्याच्याखाली हवालदार, इंजिनातल्या तेलाची कांडी पुसायला. शेवटी शिपाई. शिपाई झालेलं फडकं चाकाच्या आसाखाली जायचं, आणि तिथंही संपलं की ते पिळून, त्यातलं तेल डब्यात घेऊन, चोथा बंबात जाळायचा. तिथं त्याला पेन्शन मिळाली असं समजायचं. हा सगळा कायदा आमच्या सुभेदारसाहेबांनी काढलेला. दुरुस्तीची शेड त्यांच्या ताब्यात होती आणि आम्ही सहा मजूर त्यांच्या हाताखाली.

एकदा मी नव्या फडक्यानं आस पुसला. घाई होती. सुभेदार मागं येऊन उभे.

"चिखली, हा कोण आहे?"

"फडकं हाय साब."

"हुद्दा काय याचा?"

"मला काय ठाव."

"कॅप्टन आहे. कॅप्टनला तू खंदक खणायला पाठवलास. माफी माग त्याची."

मी म्हटलं, चिंधीची माफी मागणारा आमच्या घरात अजून जन्मला नाही. सगळी शेड थांबली. मला वाटलं आता हा माणूस मला गेटबाहेर घालवणार. ते म्हणाले, "ठीक आहे. मग मी मागतो." आणि मागितली. टोपी नीट करून, फडकं हातावर घेऊन, सगळ्यांसमोर. त्यानंतर माझ्या हातून कॅप्टन कधी आसाखाली गेला नाही. लाज वाटून नव्हे. तो तमाशा पुन्हा बघायची ताकद नव्हती.

सुभेदार कोकणातले, खाडीकाठच्या गावातले मुसलमान. बाप होडी चालवायचा. अंगानं काटकुळे, मिशी पांढरी, आणि चालणं असं की जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि ते चुकवून पाय टाकायचाय. अर्धं फौजी हिंदी बोलायचे, अर्धं मराठी. मला नावानं कधी हाक मारली नाही. मी चिखलीचा, म्हणून 'चिखली'. परभणीकडचा एक गडी भोसरीत खोली घेऊन राहायचा, तो 'परभणी'. असं सगळ्यांचं.

त्यांचं एक बोलणं दिवसातून एकदा तरी यायचंच. "खाडीत टाकलेलं भरतीला दारात येतं." लहानपणी म्हणे त्यांनी रागाच्या भरात चुलत्याची वहाण खाडीत भिरकावली, आणि दुपार कलायच्या आत ती घराच्या पायरीला येऊन लागली. चुलता पायरीवरच बसलेला होता. तेव्हापासून काहीही फेकायचं म्हटलं की त्यांचा हात अडायचा.

मी सांगायचो, "साब, आमच्याकडं खाडी न्हाई. वढा हाय. त्यो एकाच अंगानं वाहतो. गेलं ते गेलं."

"म्हणून तर तुम्ही माजलात," ते म्हणायचे. "तुमच्या ओढ्याला बिचाऱ्याला परत यायची वाट माहीत नाही."

आता तेलाचं सांगतो, कारण सगळं येऊन तेलापाशीच थांबतं.

चीनच्या लढाईनंतर आमच्या चिखलीच्या वरच्या माळावर लष्करानं गाड्या दुरुस्त करायचा डेपो थाटला. गावातल्या पोरांना मजुरी मिळाली, मलाही मिळाली. माझं काम सोपं. ट्रक आला की इंजिनातलं जळकं तेल खाली परातीत सोडायचं, परात उचलायची आणि शेडमागच्या नाल्यात ओतायची. पार्ट धुतलेलं सोड्याचं पाणी, बॅटरीचं तेजाब, सगळं तिथंच. नाला कुंपणाखालून बाहेर पडायचा आणि ओढ्याला मिळायचा. ओढा खाली आमच्या शेताकडून जायचा आणि त्याच्या काठावर आमची विहीर होती. म्हणजे मी सकाळी जे ओतायचो ते माझ्या आधी घरी पोचायचं.

पहिल्या दोन वर्षांत विहिरीच्या पाण्यावर मोरपिसासारखे रंग दिसायला लागले. मग वास. मग म्हशीनं तोंड लावायचं सोडलं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, विहिरीच्या काठावर उकिडवे बसून पाण्याकडं बघत राहायचे. एक दिवस मला म्हणाले, "ह्ये कुठनं येतंय रं?"

मी म्हटलं, "वर कंपन्या निघाल्यात न्हवं का. त्यांचं."

बोलून गेलो. एकदा बोललो म्हणजे बोललो, मागं घेणाऱ्यातला मी नाही. आबांनी त्या दिवसापासून कंपनीला शिव्या घालायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी, मी घरी आलो की. कंपनीचा मालक, मालकाचा बाप, मालकाच्या बापाचं सरण, कुणाला सोडायचे नाहीत. मी हातपाय धुऊन जेवायला बसायचो. पिण्याचं पाणी बायको गावातल्या आडावरून आणायची, लांबून.

असं चालू असताना सुभेदार बदलून आले. पहिल्याच दिवशी परात घेऊन निघालेल्या मला त्यांनी नाल्यापाशी गाठलं.

"हे पाणी जातं कुठं?"

"खाली."

"खाली कुठं?"

"खाली म्हंजी खाली, साब."

"खाली कोण राहतं?"

मी म्हटलं, "कुणी न्हाई."

ते नाल्याच्या काठानं कुंपणापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "या डेपोतून खिळा बाहेर न्यायचा तर गेटपास लागतो. आणि हे रोज पासाशिवाय चाललंय?"

दुसऱ्या दिवसापासून नाला कुंपणाखाली जिथून निघतो तिथं पहारा बसला. खराखुरा. सहा फुटी शिपाई, उत्तरेकडचा, खांद्याला रायफल. त्याला हुकूम होता की आतून जे काही वाहत येईल त्याला हटकायचं, आणि पास नसेल तर शिट्टी मारायची. पहिल्या दिवशी त्यानं एक पान, दोन विड्यांची थोटकं आणि साबणाचा फेस अडवला. शिट्टी वाजली की सुभेदार धावत जायचे आणि ज्याची ती वस्तू असेल त्याला बोलावून परत द्यायचे. थोटकं परभणीची निघाली. त्याला ती खिशात घालून दिवसभर फिरावं लागलं.

जळकं तेल आणि बाकीची घाण आम्ही शेडमागं खड्डा खणून त्यात ओतायला लागलो. आतून काही यायचं बंद झाल्यावर एक दिवस बाहेरून आलं. बदक. आमच्या गावातल्या एका म्हातारीनं कुठून तरी बदकं आणून पाळली होती. त्यातलं एक ओढ्यानं वर चढत चढत कुंपणाखालून आत आलं. पहारेकऱ्यानं फौजी रिवाजानं आवाज दिला, "थम! कौन आता है?" याचं उत्तर 'दोस्त' असं द्यायचं असतं. बदकानं दिलं नाही. त्यानं बदक धरलं.

सुभेदारांनी बघितलं तर पिसांना ओढ्यातलं जुनं तेल. त्यांचा चेहरा पडला. रिठे भिजत घालून, फेस काढून, त्यांनी स्वतःच्या हातानं ते बदक आंघोळ घालून पांढरंशुभ्र केलं, आणि मला म्हणाले, याची मालकीण शोधून आण. मी म्हातारीला गेटावर घेऊन गेलो. तिनं बदक घेतलं, गेटाजवळून जाणाऱ्या ओढ्यात सोडलं, आणि ते दगडासारखं खाली जायला लागलं. अंगावरचं तेलच गेलेलं, देवानं दिलेलं आणि आम्ही दिलेलं, दोन्ही. पाणी पिसांत शिरलं.

म्हातारी कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्याला मानेला धरून वर काढत ओरडली, "अरं मुडद्या, बदाक बुडवलंस की रं! माज्या बदकाला न्हाऊ घालाया कुनी सांगितलं व्हतं तुला?"

सुभेदार गेटावर सावधान उभे. "माई, चूक झाली. हे तरंगायला लागेपर्यंत आमच्याकडे राहील."

"आन् चूक कसली? आधी त्येल सोडायचं, मंग धुवायचं! ह्या पोराला इचार की, ह्याचीच इहीर हाय खाली वढ्याला. ह्याच्या बापानं पानी पियाचं सोडलंय चार सालं झाली!"

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. मी बदकाकडं बघितलं. 'खाली कुणी नाही' हे मी त्यांना सांगून वर्षही झालं नव्हतं. त्यांनी ती गोष्ट काढली नाही, एका शब्दानं नाही. बदक महिनाभर शेडमध्ये राहिलं, रोज सकाळी हौदात सोडून त्याची परीक्षा व्हायची, आणि ते तरंगलं त्या दिवशी सगळ्या मजुरांना चहा मिळाला. मला मात्र त्यांनी म्हातारी ओरडून गेली त्याच संध्याकाळी बोलावून पिंपाचं बूच उघडायचा पाना हातात दिला.

"आजपासून जळकं तेल खड्ड्यात नाही, पिंपात. थेंब न् थेंब. आणि बूच तूच उघडायचं, तूच लावायचं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

मग म्हणाले, "तुझ्या विहिरीचं पाणी पाजणार कधी?"

मी म्हटलं, "बघू."

घासलेटाचीही एक तऱ्हा होती. नटबोल्ट धुतलेलं मळकं घासलेट आधी फेकून द्यायचे. सुभेदारांनी त्यासाठी कोपऱ्यातली खोली मोकळी केली आणि तिथं ते डब्यात भरून ठेवायला लावलं. दोन दिवसांत गाळ खाली बसतो, वरचं निवळ पुन्हा वापरता येतं. यात वेडेपणा काही नाही, शहाणपणाच आहे. वेडेपणा पुढं. घासलेट निवळत असताना त्या खोलीत बूट घालून जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, शेजारी हातोडा मारायचा नाही. दारावर पाटी होती, 'आराम चालू आहे'. एकदा नवीन लेफ्टनंट आले, त्यांना वाटलं आत कुणी आजारी जवान आहे. टोपी काढून, चवड्यांवर चालत आत गेले आणि नऊ डबे बघून तसेच चवड्यांवर बाहेर आले. आम्हाला विचारायचा त्यांना धीर झाला नाही. आम्हीही सांगितलं नाही.

या सगळ्यात पिंपं साठत चालली. दहा झाली, वीस झाली, बेचाळीस झाली. एकेक पिंप माणसाच्या छातीएवढं आणि भरलं की तीन माणसांना हलायचं नाही. त्याचं करायचं काय, म्हणून सुभेदारांनी वर हेडक्वार्टरला कागद पाठवला. जळकं तेल साठलंय, ते कुठं पाठवू? उत्तर आलं. कारकुनानं आम्हाला वाचून दाखवलं. इंजिनात घातलेलं तेल खपलं असं धरतात. खपलेली वस्तू शिल्लक असू शकत नाही. तरी आपल्याकडं नेमकं काय आहे ते कळवावं.

सुभेदारांनी कळवलं, "जे आहे ते काळं आहे आणि बेचाळीस पिंपं आहे."

त्याला उत्तर आलं की काळ्या रंगाची अशी कोणतीही वस्तू यादीत नाही.

सुभेदार हा कागद घडी करून छातीच्या खिशात ठेवायचे आणि अधूनमधून काढून वाचायचे, जसं कुणी घरचं पत्र वाचतं.

डेपोचे मोठे साहेब मेजर होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांना चुन्याचं भारी वेड. जे हलत नाही त्याला चुना, हा त्यांचा कायदा. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेचे दगड, दिव्याचे खांब. एकदा झाडाला बांधलेली शेळी गुडघ्यापर्यंत पांढरी होऊन गावात आली होती, कारण रंगवणारा खाली बघून रंगवत गेला. जनरलसाहेब पाहणीला येणार अशी बातमी आली आणि मेजरसाहेबांनी डेपोभर चुन्याच्या आणि गेरूच्या बादल्या मांडल्या. फिरत फिरत ते शेडमागं आले आणि बेचाळीस काळी पिंपं त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली.

"ये क्या है?"

सुभेदारांनी खिशातला कागद काढून दिला. मेजरसाहेबांनी वाचला. "मतलब ये है ही नहीं?"

"जी साहब. नहीं है."

"तो फिर दिख क्यों रहा है?"

उत्तराला मेजरसाहेब थांबले नाहीत. पाहणीच्या दिवशी सकाळी त्यांनी सुभेदारांना ट्रक देऊन पुण्याला स्टेशनवर पाठवलं, जनरलसाहेबांच्या ट्रंका आणायला. ट्रक गेटबाहेर गेला आणि मला बोलावणं आलं.

"तू पहले क्या करता था यहाँ?"

"तेल ओतायचो साब."

"तो डाल. चार बजे से पहले सब ख़ाली. पहरा मैंने हटा दिया है." जाता जाता थांबले आणि म्हणाले, "तेरी पक्की नौकरी का काग़ज़ मेरी मेज़ पर है ना?"

होता. नऊ वर्षं मी हंगामी होतो. तो कागद सही होऊन आला की पेन्शन, म्हातारपण, सगळं. एका सहीवर अडलं होतं ते.

आम्ही सहाजणांनी पहिलं पिंप कडेवर तिरकं करून फिरवत फिरवत नाल्यापाशी नेलं आणि आडवं घातलं. मी पाना लावला, बूच फिरवलं. तेल बाहेर आलं. जाड, काळं, आवाज न करता. नाल्याच्या कोरड्या वाळूवर जीभ काढल्यासारखं पसरायला लागलं. आणि मी बूच परत लावलं.

मला देव आठवला नाही, देश आठवला नाही. मला म्हैस आठवली. त्याच आठवड्यात आमच्या म्हशीनं कित्येक वर्षांनी विहिरीजवळच्या हौदाला तोंड लावलं होतं. दोन पावसाळ्यांत ओढा धुऊन निघाला होता. आबांना कंपनी सांगता आली होती. आता तिला काय सांगू?

परभणी म्हणाला, "वत की दादा. काय बघायलास?"

"वतायचं न्हाई."

"मग काय करायचं? साहेब काय म्हनला ऐकलंस न्हवं? बेचाळीस पिंपं चार वाजंस्तोवर गायब करायची. ही काय खिशात घालायची हायती का?"

मी इकडं तिकडं बघितलं. चहूकडं पांढरं. झाडं पांढरी, दगड पांढरे, बादल्या भरलेल्या. आणि मला एक कळलं, जे फौजेत वीस वर्षं काढल्याशिवाय कळत नाही. मला नवव्या वर्षी कळलं. फौजेत रंगवलेल्या वस्तूला कुणी हात लावत नाही. रंगवलंय म्हणजे कुणाच्या तरी हुकमानं रंगवलंय.

म्हटलं, "बादल्या आणा."

"दादा, तेल फेकाय सांगितलंय. रंगवाय न्हाई."

"तू रंगव."

"तुझी नोकरी जाईल, माझीबी जाईल!"

"तुझी कशी जाईल? तू म्हन ह्यानं सांगितलं."

"ते तर म्हननारच हाय," तो म्हणाला आणि ब्रश घेतला.

पायाशी गेरू, वर चुना, मधे गेरूचा पट्टा. ऑफिसासमोरच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकवीस एकवीस, दोरी धरून सरळ रेषेत. साहेबांच्या मेसच्या माळ्याला गाठून झेंडूच्या कुंड्या मागितल्या. तो म्हणाला, हुकूम कुणाचा? मी म्हटलं, मेजरसाहेबांचा. तेवढं एक खोटं बोललो. प्रत्येक पिंपावर एक कुंडी. आम्ही हात धुवायला गेलो तेव्हा साडेतीन झाले होते आणि अंगात त्राण नव्हतं.

मेजरसाहेब ऑफिसातून बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला. मला शोधलं, मी समोरच उभा होतो, लपणाऱ्यातला मी नाही. त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात गेटावर बिगूल वाजला.

जनरलसाहेब जीपमधून उतरले आणि चालतच आले. दोन्ही बाजूंना बघत, खूश होत. मागून ट्रंकांचा ट्रक आला आणि सुभेदार त्यातून उतरले. त्यांनी आपली पिंपं बघितली. रंगवलेली, डोक्यावर झेंडू. मला भीती मेजरसाहेबांची नव्हती, सुभेदारांची होती. ज्या माणसानं चिंधीशी खोटेपणा केला नाही तो जनरलपुढं खोटं बोलेल? आणि खरं बोलला तर पिंपं आजच नाल्यात आणि मी आजच गेटबाहेर.

जनरलसाहेबांनी हातातल्या छडीनं एका पिंपावर टक टक केलं. "सुभेदार साहब, इन में क्या है?"

सुभेदारांनी खिशातला कागद काढला, उलगडला, बघितला, परत घडी करून ठेवला.

"साहब, काग़ज़ के हिसाब से कुछ नहीं है."

जनरलसाहेबांनी पुन्हा ठोकलं. भरलेलं पिंप जसं बोलतं तसं ते बोललं. "आवाज़ तो भरे हुए की है."

"जी साहब. आवाज़ भरी है, काग़ज़ ख़ाली है."

मेजरसाहेब झेंडूकडं बघत होते. जनरलसाहेबांनी सुभेदारांना वरपासून खालपर्यंत बघितलं, मग पिंपांच्या रांगेकडं. "जो भी है, सीधे खड़े हैं," ते म्हणाले. "आपके जवानों से सीधे. पूरे रास्ते पर लगवाइए. गेट तक."

गेट तिथून पाऊण मैल होतं. तेवढ्या रस्त्याला दीडदोनशे पिंपं लागणार. आधी मेजरसाहेबांनी रिकामीच लावून बघितली, तर आमच्या माळाच्या वाऱ्यानं ती कुंड्यांसकट लोळत कुंपणाला जाऊन लागली. म्हणजे भरलेलीच पाहिजेत. आणि भरायला जळक्या तेलाशिवाय फुकट दुसरं काय होतं? मग तेच मेजरसाहेब शेडमध्ये येऊन ओरडायला लागले, एक बूँद बाहर नहीं जाएगी! परातीतला तळ बोटानं पुसून बघायचे. सुभेदारांनी दोन वर्षं कानीकपाळी ओरडून जे झालं नव्हतं ते झेंडूच्या कुंड्यांनी केलं. दुसऱ्या एका डेपोनं तर आमच्याकडं दोन टँकर जळकं तेल मागितलं. त्यांच्याकडं जनरलसाहेब पुढच्या महिन्यात जाणार होते.

त्या दिवशी पाहणी संपल्यावर सुभेदार माझ्याकडं आले. मला वाटलं पाठीवर हात ठेवतील.

"नाल्यात किती गेलं?"

"पसाभर."

"पसाभर का गेलं?"

ते शेडमध्ये जाऊन दोन फडकी घेऊन आले, दोन्ही हवालदार, आणि आम्ही दोघांनी गुडघ्यावर बसून वाळू पुसली. पुसता पुसता म्हणाले, "तेल शोभेला उभं केलंस. शोभेला नव्हे, कामाला लागलं पाहिजे." पुढं त्यांनीच कुंपणाच्या लाकडी खांबांना ते चोपडायला सुरुवात केली. वाळवी लागायची बंद झाली. पिंपं हळूहळू कामी आली, आणि तेल कामी आलं तेव्हा कागदावर ते होतं की नव्हतं याची चौकशी कुणी केली नाही.

माझ्या कागदावर मेजरसाहेबांनी काही सही केली नाही. पुढचे साहेब आले, त्यांनी केली. दोन वर्षं गेली. मी विचारायला गेलो नाही.

सुभेदारांची पेन्शन झाली तेव्हा जायच्या आदल्या दिवशी ते ओढ्याच्या काठानं चालत आमच्या शेतात आले. बोलावलं नव्हतं. आम्ही दोघं बापलेक विहिरीपाशी होतो. त्यांनी आबांना सलाम केला, काठावर बसले आणि पाणी मागितलं. आबांनी विहिरीचं पाणी शेंदून तांब्या दिला. पाणी तेव्हा पुरतं निवळलं होतं, तळाचे दगड दिसायचे.

"ग्वाड हाय का न्हाई सायेब?" आबा म्हणाले. "मदी त्या कंपनीनं नासवलं व्हतं. तिच्या मालकाच्या तोंडात..." आणि त्यांनी नेहमीप्रमाणं मालकापासून सुरुवात करून त्याच्या आज्यापर्यंत नेलं.

सुभेदारांनी तांब्या खाली ठेवला. "कुठली कंपनी?"

"ह्यो सांगतो. वरची."

सुभेदार उठून उभे राहिले. "बाबा, कंपनी नव्हती. आमचा डेपो होता. माझ्या शेडमधून येत होतं ते."

आता ऐका. ज्या दिवसांत पाणी नासलं त्या दिवसांत हा माणूस कुठं राजस्थानात होता. कोकणातला माणूस, आमच्या शेतात उभा राहून, माझं तेल आपल्या डोक्यावर घेत होता. ते मला सोसेना. भीती नव्हती ती, चीड होती. माझं तेल दुसऱ्यानं का घ्यावं?

मी म्हटलं, "आबा, साब न्हवतं. मी वतत व्हतो. रोज. ह्या हातानं."

आबांनी विडी काढली, पेटवली. दोन झुरके घेतले.

"ठाव हाय मला."

"कवापासनं?"

"पैल्या दिसापासनं. पान्याला जो वास, त्योच तुझ्या सदऱ्याला. मला काय नाक न्हाई व्हय? पर तू म्हनलास कंपनी. मंग मीबी म्हनलं कंपनी. कुनाला तरी शिव्या द्यायाच व्हत्या, पोटच्या पोराला कुठं देत बसू?"

मी सदऱ्याची बाही नाकाला लावून बघितली.

"आता तूच म्हनतोस तर मातूर देतो," आबा म्हणाले. विडी दगडावर विझवली, धोतराचा सोगा खोचून उभे राहिले आणि सुरू झाले. कंपनीच्या मालकाला ज्या ज्या दिल्या होत्या त्या सगळ्या, आणि वर पोटच्या पोराला म्हणून चार जादा. मधे मालकाच्या बापाचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा ते क्षणभर थांबले, कारण तो बाप तेच होते. मग तेही सोडलं नाही.

मी मान वर करून उभा राहून ऐकल्या. सुभेदारही हलले नाहीत. टाचा जुळवून, हात मांडीला लावून, सावधान. आबांचं संपेपर्यंत.